नेलपॉलिशशिवाय मॅनिक्युअर : नैसर्गिक नखे नेटकी करण्याची पार्लरमधील पद्धत

"नखं नीट करा, पण पॉलिश नको," असे सांगून खुर्चीत बसणाऱ्या ग्राहकांची कारणे वेगवेगळी असतात. रुग्णालयात काम करणाऱ्यांना नखांचे नियम पाळावे लागतात; जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हातांच्या स्वच्छतेविषयी ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत रुग्णांशी थेट संपर्क येणाऱ्यांनी कृत्रिम नखे लावू नयेत आणि स्वतःच्या नखांचे टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे, असे म्हटले आहे. शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला पॉलिश काढून यायला सांगतात, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाला गडद रंगाचा अडथळा होऊ शकतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरातले कामगार, तबलावादक, नमाजापूर्वीच्या वजूचे पाणी नखापर्यंत पोहोचावे म्हणून पॉलिश टाळणाऱ्या स्त्रिया आणि लग्नाच्या आठवड्यात हात जरा बरे दिसावेत म्हणून संकोचत आत येणारे नवरदेव, हे सगळे याच गटातले ग्राहक होत.

दरपत्रकात या कामाला बहुधा 'बेसिक' असे नाव देऊन सर्वांत खालचा दर लावलेला असतो आणि ते तितक्याच घाईने उरकले जाते. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. पॉलिशचे दोन हात दिले की वाकडी कड, नखावर राहिलेला पापुद्रा आणि बफरचे (नख घासून गुळगुळीत करण्याच्या ठोकळ्याचे) ओरखडे झाकले जातात. उघड्या नखावर यातले काहीच झाकता येत नाही. त्यामुळे दोन्ही हातांसाठी किमान चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे धरावीत, आणि त्यातला बराचसा वेळ फाईल (कानशीने घासून नखाला आकार देणे) व क्यूटिकल (नखाच्या मुळाशी चिकटलेला पापुद्रा काढणे) या दोन कामांसाठी राखून ठेवावा.

नखाविषयी आधी इतके माहीत असावे

हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला सहा महिन्यांच्या आसपास काळ जातो. आपल्याला दिसणारे नख हे केराटिन या कठीण प्रथिनाच्या मृत पेशींचे थर असून त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असते. घासून पातळ केलेले नख त्या जागी पुन्हा जाड होत नाही. तो पातळ भाग वाढत वाढत टोकाला येऊन कापला जाईपर्यंत तसाच राहतो. बफर हातात घेताना ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी बरेच नुकसान टळते.

नखाच्या मुळाशी कातडीची जी जाडसर कड दिसते ती जिवंत असते. तिच्या खालून निघून नखावर चिकटून पुढे सरकणारा पातळ, पांढुरका, पारदर्शक पापुद्रा मात्र मृत असतो. काढायचा तो फक्त हा पापुद्रा. जिवंत कड ही नखाच्या मुळात पाणी आणि जंतू शिरू नयेत यासाठी असलेली नैसर्गिक सीलबंदी आहे, आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही ती कापू नये असाच सल्ला देते. तरीही ग्राहक "क्यूटिकल नीट कापा हं" असे हमखास सांगतात. अशा वेळी वाद न घालता पापुद्रा स्वच्छ काढून दाखवावा. मुळाची रेघ नेटकी दिसली की कापण्याचा आग्रह बहुधा आपोआप मावळतो.

हत्यारे आणि त्यांची स्वच्छता

लागणारे साहित्य थोडे असते: नेलकटर, २४० ग्रिटची मऊ फाईल किंवा काचेची फाईल, पापुद्रा मागे सारण्याचा धातूचा पुशर, सालपटे कापण्याचा टोकदार व चांगल्या धारेचा निपर (छोटा चिमटा), संत्र्याच्या लाकडाच्या काड्या, पापुद्रा मऊ करणारा क्यूटिकल रिमूव्हर, तीन किंवा चार बाजूंचा बफर, मऊ नखब्रश, तेल आणि क्रीम. ग्रिटचा (खरखरीतपणाचा) आकडा जितका मोठा तितकी फाईल बारीक असते, हे नवीन मदतनीस मुलीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. कृत्रिम नखांसाठीची १०० ग्रिटची फाईल नैसर्गिक नखाला लावली तर कडेचे थर सुटू लागतात आणि दोन दिवसांनी नख कपड्यात अडकू लागले की ग्राहक तक्रार घेऊन परत येतो.

धातूची हत्यारे प्रत्येक ग्राहकानंतर आधी साबणाच्या पाण्याने व ब्रशने घासून धुवावीत, कारण मळ राहिला तर पुढची कोणतीही जंतुनाशक प्रक्रिया अर्धवट होते. त्यानंतर ती ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पाउंड दाब यांवर किमान १५ ते २० मिनिटे ठेवावीत. निळ्या दिव्याची पेटी पुष्कळ पार्लरमध्ये 'स्टेरिलायझर' म्हणून ठेवलेली दिसते. तिचे किरण केवळ समोर येणाऱ्या पृष्ठभागावर पडतात, निपरच्या सांध्यात पोहोचत नाहीत, त्यामुळे तिचा उपयोग स्वच्छ केलेली हत्यारे झाकून ठेवण्यापुरताच मानावा. ७० टक्क्यांचे अल्कोहोल पृष्ठभाग पुसायला उत्तम आहे, मात्र निपरला रक्त लागले असेल तर नुसते अल्कोहोल पुसून पुढच्या ग्राहकाला तो वापरू नये. हेपटायटिस बी या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो. लाकडी काडी, कागदी फाईल आणि स्पंजचा बफर ही धुऊन निर्जंतुक होणारी वस्तूच नाही. ती त्या ग्राहकाला द्यावी किंवा त्याच्यासमोर टाकून द्यावी.

पहिली पाच मिनिटे फक्त पाहण्यासाठी

स्वतःचे आणि ग्राहकाचे हात धुऊन झाल्यावर दहाही बोटे चांगल्या उजेडात पाहावीत. नखाशेजारी लाली, सूज, ठणका किंवा पू, म्हणजेच नखुरडे दिसत असेल, तर त्या बोटाला हात लावू नये. नख हिरवट झाले असेल, बुडापासून सुटत चालले असेल, जाड व भुरभुरीत होऊन पिवळे पडले असेल किंवा त्यावर सुईच्या टोकासारखे असंख्य खळगे असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सांगावे. सावळ्या वर्णाच्या लोकांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणे नेहमीचे असते. परंतु एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी किंवा कातडीवर पसरणारी काळी रेघ डॉक्टरांनी लवकर पाहणे आवश्यक असते. पार्लरने निदान करू नये, फक्त "हे एकदा दाखवून घ्या" एवढे स्पष्ट सांगावे.

पांढरे ठिपके दिसले की "कॅल्शियम कमी आहे" असे सांगण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. हे ठिपके बहुधा नख मुळाशी असताना बसलेल्या लहानशा माराचे असतात, आणि कधी कधी तो मार पुशर जोरात दाबल्याने आधीच्या मॅनिक्युअरमध्येच बसलेला असतो. मधुमेह आहे का आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, हे दोन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. उत्तर 'हो' असेल तर निपर ट्रेमध्ये न घेता काम करावे.

जुना रंग आणि डाग

जुने पॉलिश असल्यास नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा आणि मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढून घ्यावा. मागेपुढे घासले तर रंग कडेच्या कातडीत भरतो. जेल पॉलिश असल्यास ते खरवडून किंवा सोलून काढू नये, त्यासोबत नखाचा वरचा थर निघतो.

महाराष्ट्रातल्या पार्लरमध्ये खरा प्रश्न हळदीचा असतो. स्वयंपाकाने असो वा हळदीच्या समारंभाने, पिवळी झालेली नखे घेऊन आलेल्या ग्राहकाला क्यूटिकल रिमूव्हर लावताच नखाची कड लालसर होते आणि दोघीही दचकतात. हळदीत चुना पडला की ज्या कारणाने कुंकवाचा लाल रंग येतो, तेच कारण येथेही असते, कारण चुन्यासारखाच हा रिमूव्हरही क्षारधर्मी असतो. तो धुतल्यावर लाली उतरते. हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो, त्यामुळे दोन-चार दिवसांत तो आपोआप कमी होईल असे सांगता येते. लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय नख आणि कातडी कोरडी करतो, शिवाय चिरलेल्या कातडीला झोंबतो. मेंदीचा रंग मात्र केराटिनलाच धरून बसतो. तो नखाबरोबर वाढूनच जातो, आणि तो काढण्याच्या नादात बफर चालवत राहणे म्हणजे नख पातळ करणे होय. ग्राहकाला तसे स्पष्ट सांगून थांबावे.

आकार : कोरड्या नखावरच

बहुतेक ठिकाणी आधी हात कोमट पाण्यात बुडवतात आणि मग फाईल करतात. हा क्रम बदलावा. नख पाणी झपाट्याने शोषते, फुगते आणि मऊ होते. अशा नखावर फाईल चालवली की कड स्वच्छ कापली न जाता तिचे तंतू निघतात, आणि नख वाळल्यावर ठरवलेला आकारही जरासा बदललेला दिसतो. म्हणून कापणे आणि घासणे ही दोन्ही कामे पाण्याआधी पूर्ण करावीत.

लांबी जास्त कमी करायची असेल तर नेलकटरने एका दणक्यात न कापता कडेकडून लहान लहान तुकडे घ्यावेत, आणि शेवटचा एक मिलिमीटर फाईलसाठी शिल्लक ठेवावा. फाईल नखाला समांतर किंवा किंचित खालच्या बाजूने कललेली धरून कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने, लांब आणि हलक्या हाताने ओढावी. दोन्ही कोपऱ्यांत खोलवर जाऊ नये. नख जेथे कातडीतून बाहेर पडते तेथील आधार गेला की ते तिथूनच तडकते.

आकार निवडताना पॉलिश असलेल्या नखाचे नियम बाजूला ठेवावेत. रंगाशिवाय लांब टोकदार नख बहुतेक हातांवर अस्वच्छ वाटते, तर बोटाच्या टोकापलीकडे एक-दोन मिलिमीटर राहिलेले, नखाच्या मुळाच्या वळणाशी जुळणारे गोलसर किंवा अंडाकृती नख जवळजवळ प्रत्येकाला शोभते. पुरुषांच्या रुंद नखांना कोपरे जरासे मोडलेला चौकोन बरा दिसतो. पारदर्शक नखात टोकाची पांढरी पट्टी स्पष्ट दिसत असल्यामुळे दहाही बोटांवर तिची रुंदी सारखी हवी, आणि त्यासाठी सर्वांत आखूड किंवा तुटलेल्या नखापासून सुरुवात करून बाकीची त्याच्याशी जुळवून घ्यावी. शेवटी फाईल कडेवरून वरून खाली एकदा हलकेच फिरवून सुटलेले कण काढावेत आणि ग्राहकाला बोट ओढणीवर किंवा रुमालावर फिरवून पाहायला सांगावे. कुठेही अडकता कामा नये.

क्यूटिकल : सर्वांत सावकाश करायचे काम

आता हात कोमट पाण्यात, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून, तीन ते चार मिनिटे ठेवावेत. पंधरा-वीस मिनिटे भिजवल्याने काही अधिक मिळत नाही. उलट जिवंत कातडीही पांढरी व फुगलेली होते आणि मृत कुठली, जिवंत कुठली हेच कळेनासे होते. ज्यांची नखे थरांनी सुटतात त्यांच्यासाठी पाण्याचा भाग पूर्ण वगळून फक्त रिमूव्हरवर काम केले तरी चालते. भिजवल्यास मऊ टॉवेलने प्रत्येक बोट, विशेषतः नखाच्या कडा, नीट टिपून घ्यावी.

क्यूटिकल रिमूव्हरमध्ये साधारणपणे पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असते, आणि युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांत या उत्पादनासाठी त्याची मर्यादा ५ टक्के ठरवलेली आहे. हे द्रव्य मृत केराटिन विरघळवते, पण ते जिवंत कातडी ओळखत नाही. म्हणून ते नखाच्या मुळाशी बारीक रेघ ओढावी इतकेच लावावे, एका वेळी एकाच हाताला लावावे, आणि बाटलीवर लिहिलेली वेळ, जी बहुतेकदा एक ते दोन मिनिटांची असते, ती ओलांडू नये. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, नेलपॉलिशसाठी पुढे प्रसिद्ध झालेले क्युटेक्स हे नाव अमेरिकेत १९११ साली बाजारात आले ते क्यूटिकल काढण्याच्या द्रावणाच्या रूपाने. रंगीत बाटल्या नंतर आल्या.

वेळ झाल्यावर पुशर नखाला जवळजवळ सपाट, फार तर तीस अंशांच्या कोनात धरावा. मुळाकडे दाबत न जाता लहान लहान गोल हालचालींनी नखावरचा पापुद्रा सोडवावा आणि दोन्ही बाजूंच्या खोबणींत हळूच फिरवावा. नखाच्या पांढऱ्या अर्धचंद्रावर जोर देऊ नये, कारण त्याच्या खालीच नख तयार होत असते. अंगठ्यावर आणि करंगळीवर पापुद्रा सर्वांत चिवट असतो. सैल झालेला भाग ओल्या कापसाने टिपून घ्यावा. पहिल्या खेपेला न निघालेला पापुद्रा ओढून काढण्यापेक्षा पुढच्या भेटीवर सोडावा, कारण बोट लाल होऊन रक्ताचा ठिपका आला की उघड्या नखावर तो आठवडाभर दिसतो.

निपरचे काम येथे अगदी मर्यादित आहे. नखाच्या बाजूने सुटलेली, कपड्यात अडकणारी सालपटे तेवढी बुडाशी कापावीत. कापल्यावर निपर वर ओढू नये, ओढला की सालपट जिवंत कातडीपर्यंत फाटत जाते आणि नखुरड्याची सुरुवात तेथूनच होते. हल्ली मशीनच्या बारीक हिरेजडित टोकाने मुळाची कड घासून रेघ काढण्याची पद्धत गाजते आहे. ती प्रशिक्षित हाताने केली तर फोटोत अप्रतिम दिसते, पण जिवंत कड काढून टाकण्याकडेच तिचा ओढा असतो, आणि रोज भांडी-धुण्याच्या पाण्यात हात असलेल्या ग्राहकाला मी ती सुचवणार नाही.

यानंतर हात साबणाने धुऊन रिमूव्हरचा अंश पूर्ण घालवावा. नखाखालचा मळ मऊ ब्रशने, खालून वर नव्हे तर बाहेरच्या दिशेने काढावा. काडीचे टोक खोल घातल्यास नख आणि बोट यांचा जोड सुटतो व तिथे मळ आणखीच साचतो.

बफिंग : किती करायचे आणि कुठे थांबायचे

नख पूर्ण कोरडे झाल्याखेरीज बफर लावू नये. चार बाजूंच्या बफरवर पहिली बाजू खरखरीत असून ती उभ्या कंगोऱ्यांसाठी असते. वयानुसार येणारे कंगोरे नाहीसे करण्याचा प्रयत्न करू नये. ही बाजू फक्त स्पष्ट उंचवट्यांवर दोन-तीन हात फिरवावी, आणि पातळ, वाकणाऱ्या किंवा गुलाबी-लाल दिसणाऱ्या नखांवर ती वापरूच नये. त्यानंतरच्या बारीक बाजूंचे प्रत्येकी पाच-सहा हात, एकाच दिशेने, हलक्या दाबाने द्यावेत. चमक येते ती शेवटच्या, जवळजवळ गुळगुळीत बाजूने. ग्राहकाला नखात उष्णता जाणवली तर दाब किंवा वेग जास्त आहे असे समजून थांबावे.

सगळ्यांनाच चकाकी हवी असते असे नाही. रुग्णालयातील किंवा पुरुष ग्राहक बहुधा "चमक नको, नुसतं स्वच्छ दिसू दे" म्हणतात. त्यांच्यासाठी मधल्या बाजूवर थांबून तेलाचा एक थेंब चोळला की नख निरोगी व मंद दिसते. उलट लग्नघरातल्या ग्राहकाला टिकणारी झळाळी हवी असेल तर जपानी पद्धत सुचवावी. तिच्यात मधमाश्यांचे मेण असलेली पेस्ट नखावर चोळून शामी या मऊ चामड्याच्या बफरने ती जिरवतात आणि नंतर बारीक पावडर दुसऱ्या बफरने घासून मेण बंद करतात. नख कमी घासले जाऊनही गुलाबी चमक येते व ती दोन आठवड्यांच्या आसपास टिकते. पेस्ट वाटाण्याएवढी नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

तेल, क्रीम आणि हातात देण्याची सूचना

बदाम, तीळ, खोबरेल किंवा जोजोबा यांपैकी कोणतेही तेल नखाच्या मुळाशी आणि खोबणींत एकेक थेंब जिरवावे, त्यानंतर हाताला क्रीम लावून पाच मिनिटे मसाज करावा. मसाजाविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. फक्त शेवटी नखांवरचे जादा तेल कोरड्या कापडाने पुसावे, नाहीतर दारातून बाहेर पडेपर्यंत त्यावर धूळ बसते.

घरी काय करावे हे तोंडी सांगण्याबरोबर छोट्या चिठ्ठीवर लिहून द्यावे. पाणी लागणे आणि वाळणे हा खेळ दिवसभर चालला की नखाचे थर सुटतात, त्यामुळे भांडी घासताना आतून सुती अस्तराचे रबरी हातमोजे घालावेत. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा आठवणीने कोरड्या कराव्यात. रात्री झोपताना तेलाचा थेंब चोळावा. सुटलेले सालपट दाताने तोडू नये. आणि नखाचा उपयोग डबा उघडायला किंवा स्टिकर खरवडायला करू नये.

पुढची भेट दोन ते तीन आठवड्यांनी ठेवावी, कारण तेवढ्या काळात नख दोन मिलिमीटरच्या आसपास वाढून आकार बिघडू लागलेला असतो. त्या भेटीत फाईल, क्यूटिकल आणि तेल एवढेच करावे. खरखरीत बाजूचे बफिंग महिन्यातून एकदापेक्षा जास्त करू नये, आणि शेवटचे बफिंग कोणत्या तारखेला झाले हे ग्राहकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी खुर्चीवर दुसरी मुलगी असली तरी तिला बफर कुठपर्यंत न्यायचा ते कळेल.